मर्डो गिलक्रिस्टची गप्प दुपार

स्कॉटलंडच्या फुटबॉलबद्दल मर्डो गिलक्रिस्टची मतं साऱ्या क्रेगार्नॉख गावाला पाठ होती. न होऊन करतात काय? बंदरावरच्या मासळी लिलावात त्याने जन्मभर भाव पुकारले होते, आणि निवृत्त झाल्यावर तो आवाज ठेवण्याइतकं त्याचं घर मोठं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं, की या देशात लीग हिरव्यांनी जिंकायची की निळ्यांनी, एवढाच काय तो प्रश्न. दोघंही ग्लासगोचे बडे क्लब. बाकीच्यांनी दर शनिवारी जाऊन मार खायचा आणि थोरामोठ्यांना आपल्यामुळे सराव मिळाला, यात धन्यता मानायची. त्यातून देश एवढासा, क्लब मोजके, म्हणून एकाच संघाशी हंगामात चार-चार वेळा गाठ. “बायकोचं तोंडही इतक्यांदा बघितलं नाही मी,” असं तो पूर्वी म्हणायचा. बायको गेली त्यानंतर ते वाक्य त्याने कधी उच्चारलं नाही. वरच्या लीगमध्ये हंगामाच्या शेवटी वरचे सहा आणि खालचे सहा अशी फाळणी होते, आणि मग सातव्याचे गुण सहाव्यापेक्षा जास्त झाले तरी तो सातवाच राहतो. हा नियम ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्याला मर्डोला एकदा भेटायचं होतं. एकांतात.

पण खरा राग होता तो बसवर. शनिवारी सकाळी गावच्या चौकातून दोन बस ग्लासगोला सुटायच्या, एक हिरव्यांची, एक निळ्यांची, दोन्ही खच्चून भरलेल्या. गावात स्वतःचा क्लब आहे, क्रेगार्नॉख ॲथलेटिक. सगळ्यांत खालच्या डिव्हिजनमध्ये का असेना, आहे. घरापासून चालत दहा मिनिटांवर. आणि ही शहाणी माणसं दोन तास बसमध्ये अंग आंबवून परक्या गावाच्या विजयावर नाचायला जाणार. जिंकणाऱ्याच्या मागे उभं राहायला अक्कल लागत नाही, असं मर्डो म्हणायचा. हरणाऱ्याच्या मागे उभं राहायलाही लागत नाही, हे कुणी त्याला ऐकवायचं धाडस केलं नव्हतं.

त्याची स्वतःची जागा दगडी पायऱ्यांवर, गोलच्या बाजूला, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ. मध्यंतरानंतर आमचे लोक टोक बदलतात, आपला संघ जिकडे गोल करणार त्या बाजूला जाऊन उभे राहतात. मर्डोही टोक बदलायचा, पण उलटं. तो नेहमी आपल्याच बचावफळीच्या मागे. “आपल्या हल्ल्यात बघण्यासारखं काय असतं?” तो विचारायचा. “खरी करमणूक बचावात आहे.”

ही करमणूक मुख्यतः रॅब टेनंट नावाच्या मधल्या बचावपटूकडून व्हायची. टेनंट आठवडाभर लोकांच्या घरचे पाइप आणि बॉयलर दुरुस्त करायचा आणि शनिवारी क्रेगार्नॉखचा बचाव गळका करायचा. अंगाने दरवाजाएवढा, मनाने सज्जन, आणि आपल्या पाठीमागेही एक जग आहे याची त्याला अजिबात कल्पना नव्हती. “टेनंट! मागे बघ, बैला! डाव्या अंगाला!” हे मर्डोचं ओरडणं अकरा हंगाम चाललं होतं. मैदानात माणसं तीनशे. त्यामुळे एकूण एक शब्द एकूण एकाला ऐकू जायचा.

त्या वर्षी मर्डोच्या एकुलत्या एका मुलीचं, इशबेलचं, लग्न ठरलं. मुलगा स्टुअर्ट कॅथकार्ट, स्वभावाने चांगला, राहणारा ग्लासगोचा. त्याच्या वडिलांचा, गॉर्डन कॅथकार्टचा, खिडक्यांचा कारखाना होता, आणि ते ग्लासगोच्या दोन थोरल्यांपैकी एकाचे भक्त होते. कुणाचे, हे मर्डोने विचारलं नाही. पटकी की देवी, हे विचारून काय करायचं? लग्नानंतर इशबेल ग्लासगोला जाणार होती. ज्या मुलीला खांद्यावर बसवून त्याने पायऱ्यांवर वाढवलं, तिची पोरं उद्या हिरवे नाहीतर निळे मफलर घालून आजोबांकडे येणार, या विचाराने मर्डोला झोप लागेना.

आणि मग कॅथकार्टनी होणाऱ्या व्याह्यांना खूश करण्यासाठी क्रेगार्नॉखच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याचं प्रायोजकपद घेतलं. म्हणजे सामन्याआधी संचालकांच्या खोलीत जेवण, मग स्टँडच्या मधोमध गादीच्या खुर्च्या, आणि गळ्यात टाय. त्या खुर्च्यांवर आरडाओरडा, शिवीगाळ चालत नाही, असा क्लबचा जुना नियम.

“बाबा, एकच गोष्ट मागते,” इशबेल म्हणाली. “तिथे नव्वद मिनिटं तोंड उघडायचं नाही. टेनंटच्या नावाने तर मुळीच नाही.”

“आणि त्याने घाण केली तर?”

“तर काय, नेहमीचंच. तू बोल, शब्द देतोस?”

तिला आपली लाज वाटते, हे मर्डोला त्या क्षणी कळलं आणि ते फार लागलं. वाद घालायची हिंमत झाली नाही. “दिला,” एवढंच तो म्हणाला.

आता दिवस नेमका कसला? क्रेगार्नॉख तळाच्या एक जागा वर. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. हरले असते तर तळाला जाऊन लीगबाहेरच्या प्रादेशिक स्पर्धेच्या विजेत्याशी जागेसाठी झुंजावं लागणार होतं, आणि आमच्या संघाची झुंजायची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक होती. एकदा लीगबाहेर पडलेले क्लब परत येत नाहीत. त्यांच्या मैदानांवर घरं उभी राहतात.

जेवणात मटणाची पाई आली, पायऱ्यांवर मिळते तीच खिमा भरलेली, पण बशीत, काट्या-चमच्यासकट. मर्डोने आयुष्यात पाई कधी बशीत पाहिली नव्हती. ती हातात धरायची, मनगटापर्यंत चरबी ओघळू द्यायची, हीच रीत.

“छान आहे हो तुमचं मैदान,” कॅथकार्ट म्हणाले. “आटोपशीर.”

“हो, बरं पडतं,” मर्डो म्हणाला. “खेळाडूंना एकमेकांची तोंडं दिसतात.”

“आमच्याकडे पन्नास हजार माणूस असतं.”

“एवढ्या लोकांना निकाल आधीच माहीत असतो आणि तरी येतात. श्रद्धा म्हणायची.”

टेबलाखाली इशबेलची टाच त्याच्या बुटावर पडली. अजून सामना सुरू झाला नाही, असं त्याने डोळ्यांनीच तिला सांगितलं.

सामना सुरू झाला आणि मर्डोने ओठ मिटले. सोपं नव्हतं ते. टेनंटने पहिला चेंडू पायाखालून घालवला तेव्हा मर्डोच्या घशात शब्द माशाच्या काट्यासारखा अडकला. कॅथकार्ट हसले. क्रेगार्नॉखच्या खेळावर परक्याने हसावं, हे त्याला सहन होईना. हसण्याचा हक्क कमवावा लागतो. त्यासाठी तीस हिवाळे भिजावं लागतं.

अर्ध्या तासाने पाहुण्यांचा एक लालतोंड्या फॉरवर्ड टेनंटच्या डाव्या अंगाने मागे सरकला. साऱ्या मैदानाला दिसला. टेनंट जागच्या जागी उभा राहिला, मान तिरकी करून, जणू कुणी हाक मारणार आहे. हाक आली नाही. चेंडू डोक्यावरून गेला, लालतोंड्याने तो जाळ्यात ढकलला. शून्य-एक.

टेनंटने गोलरक्षकाकडे बघितलं नाही. त्याने कोपऱ्यातल्या झेंड्याकडे, रिकाम्या पायऱ्यांकडे बघितलं. आज कटकट नाही म्हणून सुटल्यासारखं वाटत असेल बिचाऱ्याला, असं मर्डोला वाटलं.

“हा तुमचा पाच नंबर बहिरा आहे का?” कॅथकार्टनी विचारलं.

मर्डोने टायची गाठ सैल केली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी चावलं. ते सामन्याच्या माहितीपत्रकाचं पान होतं.

उत्तरार्धात देवाला दया आली. कॉर्नरवरून उडालेला चेंडू आमच्याच एका पोराच्या पाठीवर आपटून गोलमध्ये गेला. पोराला कळायच्या आत बाकीचे त्याच्या अंगावर होते. एक-एक. मर्डो उठून उभा राहिला, टाळ्या वाजवल्या आणि शहाण्यासारखा खाली बसला. टाळ्यांवर बंदी नव्हती.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा क्लबच्या सेक्रेटरीबाई वाकून जवळ आल्या. सामन्याचा मानकरी कोण, हे ठरवायचा मान प्रायोजकाचा. सामना संपायच्या आतच नाव भोंग्यावर पुकारतात आणि नंतर त्या खेळाडूला व्हिस्कीची बाटली देतात. लोक लवकर घरी जातात, म्हणून आधी पुकारायचं, अशी आमची अक्कल.

“मला काय कळणार?” कॅथकार्ट म्हणाले. “मर्डो, तुम्हीच सांगा की.”

मर्डोने घसा साफ केला. “टेनंट.”

“तो? गोल त्याच्यामुळेच झाला ना?”

“अकरा वर्षं तो माझ्या शिव्या ऐकतोय,” मर्डो हळू म्हणाला. “एकदाही उलट बोलला नाही. कधी चुकूनही ग्लासगोच्या बसमध्ये बसला नाही. हात मोडला तरी पुढच्या महिन्यात उभा होता. आज तेवढं तरी त्याच्या पदरात पडू दे.”

इशबेलने मान वळवून बापाकडे बघितलं. मर्डोला वाटलं, आता काय चुकलं?

भोंगा खरखरला. “सामन्याचा मानकरी, पाच नंबर, रॅब टेनंट.”

आधी कुणाचा विश्वास बसला नाही, मग सबंध मैदान हसलं. टेनंटचाही विश्वास बसला नाही. अकरा हंगामांत त्याचं नाव चांगल्या कारणासाठी कुणी घेतलं नव्हतं. खेळ चालू होता आणि तो भला माणूस तोंड उघडं टाकून खांबावरच्या भोंग्याकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात लालतोंड्या त्याच्या डाव्या अंगाने मागे सरकला. पाहुण्यांच्या पोराने दुरून चेंडू उचलून दिला.

मर्डोने पाहिलं. सगळं त्याच्या एका दयेमुळे झालं होतं, हेही त्याला कळलं. तो अर्धा उठला, छातीत हवा भरली, आणि शेजारी बसलेली मुलगी आठवली. त्याने शब्द दिला होता. क्लब गेला तरी चालेल, पण पोरीच्या तोंडावर पुन्हा ती लाज नको, असं त्याला वाटलं, आणि हे वाटल्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. त्याने दात आवळले, डोळे मिटले आणि खाली बसला.

“टेनंट! मागे बघ, बैला! डाव्या अंगाला, मेल्या, डाव्या!”

मर्डोने डोळे उघडले. इशबेल गादीच्या खुर्चीवर उभी होती, लग्नाच्या खरेदीतले नवे बूट घालून, हातांचा कर्णा करून. आवाज थेट बंदरावरचा होता. संचालकांच्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातातला चहा त्याच्या मांडीवर गेला.

टेनंट वळला. कसा ते त्यालाही कळलं नसेल, पण गर्रकन डाव्या अंगाला वळला, आणि लालतोंड्याच्या पायापुढून चेंडू असा लाथाडला की तो स्टँडच्या छपरावरून शेजारच्या बागेत गेला. परत आणायला माणूस धाडावा लागला आणि त्यात उरलासुरला वेळ निघून गेला. शिट्टी झाली. क्रेगार्नॉख लीगमध्ये राहिला. तीनशे माणसं पन्नास हजारांसारखी वागली.

कॅथकार्ट होणाऱ्या सुनेकडे बघत राहिले होते. पलीकडच्या खुर्चीवरचा स्टुअर्ट मात्र तिच्याकडे असा बघत होता की पुन्हा लग्नाची मागणी घालायची कुणी परवानगी दिली तर बरं.

नंतर खोलीत टेनंट बाटली न्यायला आला, अंघोळ करून, केस ओले. मर्डोने ती त्याच्या हातात दिली. फोटो निघाला.

“कुठे मेला होतास रे म्हाताऱ्या?” टेनंट म्हणाला. “ऐंशी मिनिटं कानाला काही येईना. मागे कोण आहे ते मी बघू की तू?”

“मला वाटायचं, तुला राग येतो.”

“येतोच. पण तू म्हणशील तिकडे माणूस असतो.” मग तो इशबेलकडे वळला. “ताई, जरा आधी ओरडत जा.”

टेनंट गेला. कॅथकार्ट दोन ग्लास भरायला गेले. मर्डो लेकीजवळ सरकला. इतका वेळ मिटलेलं तोंड उघडताना त्याला अवघड वाटत होतं.

“बरोबर सांगतोय तो,” मर्डो म्हणाला. “चेंडू निघाला तेव्हाच ओरडायला हवं होतं. एवढा उशीर?”

“मी तुझी वाट बघत होते.”

“मी शब्द दिला होता, पोरी.”

“हो. पण तू पाळशील असं मला कुठे वाटलं होतं?” इशबेलचा आवाज बसला होता, ती घसा धरून बोलत होती. “पहिला गोल झाला तेव्हापासून वाट बघतेय, बाबा. म्हटलं, आता ओरडेल, मग ओरडेल. शेजारी तू आणि मैदानात तुझा आवाज नाही. मला भीती वाटायला लागली होती.”