बाजरीतलं लोणी

वसीलाने लोण्याची वाटी बाजरीच्या रांजणात खोल खुपसली, वरून दाणे सारले, घाईने झाकण ठेवलं आणि हात कमरेच्या कापडाला पुसले. अंगणात सासूने, अझाराने, चुलीत आणखी एक लाकूड सारलं. पाणी कढत होतं. त्या पाण्याने बाळाला शेकायचं आणि मग शियाच्या बियांचं लोणी कानापासून टाचेपर्यंत चोळायचं, हा अझाराचा रोजचा नेम.

हिवाळ्यात कोरडं, धुळकट वारं सुटतं तेव्हा ह्याच लोण्याने बाळाची, वुनपिनीची, कातडी मऊ ठेवली होती, हे वसीलाही नाकारत नव्हती. पण आता मार्च लागला होता. तमाले शहरात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असत. पोरीच्या मानेवर, काखेत लाल पुरळ उठून त्यात पू धरायला लागला होता. पाऊस पडेपर्यंत लोणी बंद आणि साध्या पाण्याने अंघोळ, असं दवाखान्यातल्या नर्सने बजावलं, तर अझाराने एवढंच विचारलं की त्या नर्सने स्वतः किती पोरं वाढवलीत.

सासूपेक्षा मोठी धास्ती होती ती नणंदेची. लामनातू आज यायची होती. दागोम्बा लोकांत भावाच्या मुलीवर आत्याचा हक्क. तिने वाढवायला मागितली तर नाही म्हणणं जड जातं. लामनातूला मुलगी नव्हती. मागच्या खेपेला दूध सुटलं की ही माझी, असं ती हसतहसत बोलून गेली आणि वसीलाची झोप उडाली. त्यात कोरड्या अंगाचं मूल म्हणजे हयगय करणारी आई, असं सगळी वस्ती मानायची. तरी तिने वाटी लपवली, कारण पोर रात्रभर मान खाजवत रडली होती.

"लोणी कुठाय गं?" अझाराने विचारलं.

"संपलं, मा."

अझाराची नजर रांजणाच्या तिरक्या झाकणावर गेली. ती काही बोलणार, तोच लामनातू दारातून आत आली.

तिने आल्याआल्या भाचीला उचललं आणि पोटरीवरून बोट फिरवलं. पहाटे वसीलाने कालचं लोणी पुसून काढलं होतं; पांढुरकी रेघ उठली.

"राख फासल्यासारखी दिसतेय पोर. आईला सवड नसेल तर तसं सांगा. मी आजच भावाशी बोलते."

वसीलाची नजर सासूकडे गेली. सासूने फक्त रांजणाकडे हात केला असता तरी सगळं संपलं असतं.

अझारा उठली. तिने कढत पाणी निम्मं ओतून दिलं आणि उरलेल्यात माठातलं गार पाणी घातलं.

"लोणी मी बंद केलंय. पाऊस पडेपर्यंत."

"तू? तू तर एक दिवस चुकवायची नाहीस, मा."

"तुझी आत्या तुला न्यायला आली तेव्हा असाच उन्हाळा होता." अझारा पाणी ढवळत राहिली. "तुझी पाठ पुरळाने भरलेली. तरी मी चोळचोळून लोणी लावलं. म्हटलं, चमकती पोर पाहून ती तुला जिवापाड सांभाळेल. तू वाटभर रडत गेलीस. इतकी वर्षं मी समजत होते, माझ्यासाठी रडलीस."

 लामनातूने वुनपिनीला पालथी केली, मानेवरचं जावळ बाजूला सारलं आणि तिथे हळूच फुंकर घातली. पोरीने अंग सैल सोडलं. लामनातू बराच वेळ फुंकर घालत राहिली. आपल्या आत्याच्या घरी आपल्या पाठीवर कुणी फुंकर घातली होती का, हे तिला आठवत नव्हतं.

शेवटी तिने पोर वसीलाच्या मांडीवर ठेवली.

"पाणी अजून गार कर, मा," ती म्हणाली.

अझाराने आणखी एक तांब्या ओतला. मग सुनेकडे न बघताच म्हणाली,

"आणि ते बाजरीतून बाहेर काढ. वितळलं तर दाणे वाया जातील."