खांद्याचा तराजू

साहेब, तराजू तुम्ही नेला.

जीपगाडी घेऊन बोरीत आलात, बन्सीधरच्या दुकानात बुटासकट शिरलात, आढ्याला टांगलेला मोठा तराजू उतरवलात आणि म्हणालात, वजनमापाच्या नव्या कायद्याचा शिक्का याच्यावर नाही. तपासू, शिक्का मारू, चंपाषष्ठीच्या आत परत देऊ. निजामाच्या राज्यापासून त्या तराजूनं गावाचा कापूस, मिरची, गूळ तोलला. शेर गेला, किलो आला, तरी गाव काही म्हणालं नाही. तुमचा शब्दही गावानं खरा धरला. सगळ्यांत जास्त खरा धरला तो मेंढरं राखणाऱ्या अंगदनं, आणि तमाशा झाला तो त्याच्याच घराचा.

आता ते घर काही फार शहाण्यासुरत्या माणसांचं होतं असं नाही. अंगद आणि त्याची बायको केवळाबाई म्हणजे आधी तवा चुलीवर ठेवायचा आणि मग शेजारी पीठ मागायला निघायचं, अशी जोडी. पण एका गोष्टीत दोघं पक्की होती. त्यांची झुंबर चंपाषष्ठीला जन्मली. पोर दुसऱ्या वर्षात असताना तिला गोवर निघाला, डोळे उघडेना, तेव्हा केवळाबाई खंडोबाला बोलून गेली की पोर पाच वर्षांची होऊ दे, तिला तराजूत बसवून तिच्या भारंभार गूळ वाटीन. सासू म्हाळसाबाई तिथंच म्हणाली होती, "पोरीची तुला कोन करतंय गं? पोराची करतेत." केवळाबाईनं ते शब्द गाठीला बांधून ठेवले. नवस चुकला आणि उद्या पोरीला साधं पडसं आलं, तरी सासूचं बोट कुणाकडं वळणार हे तिला ठाऊक होतं.

पोरीला पाच वर्षं पुरी झाली. चंपाषष्ठीचा दिवस उजाडला आणि घरात कुणाचं कुणाला सुधरेना. रात्री मेंढी व्यायली ती नेमकी चुलीपाशी. कोकराला गुंडाळायला हाताला लागलं ते अंगदचं धुतलेलं अंगरखं. भरताची वांगी शेळीनं देठांसकट खाल्ली. केवळाबाई झुंबरच्या एका पायात वाळा घालून दुसरा शोधत होती आणि तो तिच्याच कमरेला खोचलेला होता.

मग तिनं कणगीतून गूळ काढला. झरीकडच्या गुऱ्हाळातून अंगदनं दोन ढेपा आणल्या होत्या, पोरीच्या वजनाला पुरून उरतील एवढ्या. एक ढेप धड होती. दुसरीची कोर राहिली होती.

"अवं," केवळाबाई म्हणाली, "इकडं या जरा."

अंगदनं पाहिलं आणि कोकराकडं तोंड फिरवलं. "उंदरं असतील."

"उंदरं चहा करायलेत का आपल्या घरात?"

"मी आपला चहापुरता घेतला."

"चहापुरता. एवढ्यात बोरीचा सगळा बाजार चहा पिला असता." मग तिनं सासूकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलीस? मला दात न्हाईत," म्हाळसाबाई गोधडीतून म्हणाली.

"गुळाला दात कशाला लागतेत, आत्याबाई?"

"तू नैवेद्य लागतो का बघते म्हणून रोज खडा तोंडात टाकत व्हतीस, ते सांग की नवऱ्याला."

केवळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. झुंबर खाली बसून बोटं चाटत होती. "मी तर लय थोडा खाल्ला," ती म्हणाली, "उंदरासंगं."

"राहू द्या," अंगद म्हणाला. "आधी तराजू आणतो. तोलल्याबिगर कमी हाय का जास्ती, कसं कळंल?"

तो बन्सीधरच्या दुकानात गेला. आढ्याला नुसता आकडा लोंबत होता.

"साहेब म्हनले व्हते, चंपासटीच्या आत येतो," अंगद म्हणाला.

"म्हनले व्हते." बन्सीधर ओंजळीनं डाळ मोजत होता. "शिक्का आनायला गेलेत. राज्य मुंबईचं, शिक्का बी मुंबईचाच असंल. मुंबई लांब हाय."

"मग तुमी कसं विकायलाव?"

"वंजळीनं. गिऱ्हाईक म्हनतंय माझी वंजळ ल्हान झाली. तुला देऊ का वंजळ?"

अंगद परत आला तोवर अंगण भरलं होतं. केवळाबाईनं आवतण देताना हात आखडला नव्हता. तराजूचा पत्ता नाही, गुळाचा नाही, पण अख्ख्या आळीला मात्र न चुकता सांगून आली होती. पुढंच बसला होता शेजारचा चंद्रभान. दुसऱ्याच्या घरात कमी काय ते शोधायला त्याला बोलवावं लागत नसे.

"तराजू?" केवळाबाईनं विचारलं.

अंगदनं नुसती मान हलवली. तिचा चेहरा पडला तो त्याला बघवला नाही. गोवरातल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हाचा तो चेहरा होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीला पाणी आणायची कावड टेकलेली होती.

त्यानं घागरी काढून दोन्ही टोकांना पाट्या बांधल्या. कावडीची काठी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "मीच तराजू. बसवा पोरीला."

झुंबर कोकराशिवाय बसेना. कोकरू काढून घेतलं तर रडून तिनं अंगण डोक्यावर घेतलं. मग म्हाळसाबाईनंच सांगितलं, "बसू द्या कोकराला बी. आज जन्मलंय, त्याचा बी वाढदिवसच हाय." कोकरू अंगरख्यासकट पाटीत गेलं. दुसऱ्या पाटीत धड ढेप आणि ती कोर. झुंबरची पाटी भुईला टेकली, गुळाची वर उडाली.

"कमी हाय," चंद्रभान म्हणाला.

"कमी कसा?" केवळाबाई उसळली. "राहिलेला गूळ गेला कुठं? पोरीच्या पोटात गेला. म्हंजे पाटीतच हाय की."

"तो पोरीच्या बाजूला हाय, वहिनी. गुळाच्या बाजूला पायजे."

यावर अंगणात मोठा वाद लागला. एक म्हणाला, खाल्लेला गूळ देवाला पोचला. दुसरा म्हणाला, पोचला तर मग आमाला काय वाटणार? मध्ये अंगद काठीखाली वाकला होता, खांद्याला रग लागली होती, आणि झुंबर हात लांबवून गुळाच्या पाटीतला आणखी एक खडा उचलत होती.

तेवढ्यात म्हाळसाबाई उठली. आपल्या गोधडीखाली हात घातला, एक गाठोडं काढलं आणि गुळाच्या पाटीत ठेवलं. गाठ सुटली. आत मुठीएवढे गुळाचे खडे होते, पुष्कळ.

केवळाबाई बघतच राहिली. "आत्याबाई, तुमाला तर दात न्हाईत."

"म्हनून तर चोखायला ठेवला व्हता," सासू म्हणाली. "बघत काय बसलीस? पोरगी पाच वर्साची झाली. तोल."

गुळाची पाटी खाली आली, पण पुरती नाही. झुंबरची अजून वीतभर खाली होती. अंगदनं बायकोकडं पाहिलं. तिचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते. त्यानं काठी जराशी सरकवली आणि खांदा पोरीच्या बाजूला नेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही पाट्या सारख्या झाल्या.

"झालं," तो म्हणाला. "भारंभार."

केवळाबाईनं डोळे उघडले, पाट्या पाहिल्या आणि मटकन खाली बसून हसायला लागली. गूळ फुटला, पोरांच्या हातावर पडला. चंद्रभाननं आपला खडा तोंडात टाकला, पुरता विरघळू दिला आणि मग विचारलं, "अंगद, तुझ्या खांद्यावर शिक्का हाय का रं सरकारी?"

अंगण हसलं. अंगद पण हसला. केवळाबाई मात्र हसायची थांबली.

तेव्हापासून त्या घरात हे चाललंय. झुंबर शिंकली की केवळाबाई अंगदच्या खांद्याकडं बघते. भाकर वाढता वाढता तिनं एकदाच विचारलं, "खरंच सारखं झालं व्हतं का वं?" आणि अंगद म्हणाला, "तराजू आला की पुन्हा तोलू." त्यानं कणगीत नवी ढेप आणून ठेवली आहे. ती रोज थोडी कमी होते आणि पोर रोज थोडी वाढते.

साहेब, बन्सीधरचा आकडा अजून रिकामाच लोंबतोय. एका बाईनं एवढी वर्षं जपलेला नवस, त्याचा शेवट एका बापाच्या खांद्यावर करायची वेळ तुम्ही आणली. तो खांदा किती सरकला, हे त्यानं बायकोला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तेव्हा एक तर तराजू परत आणा, नाहीतर त्या जीपगाडीत बसून या आणि अंगदच्या खांद्यावर तुमचा शिक्का मारा. दोन्हीपैकी काय करता, आणि कधी, ते सांगा.