चौथ्या मजल्यावरचं स्टूल

मी लिफ्ट बोलतेय, पाच मजल्यांच्या इमारतीतली. बावीस वर्षं झाली. कोण भांडून निघालं, कोण रडून परतलं, कुणाच्या पिशवीत काय, मला सगळं ठाऊक. चौकशा करायची खोड आहे म्हणा. पण माणसंच माझ्यात येऊन बोलतात, त्याला मी काय करू?

चौथ्यावर शिवणकाकू आणि काका राहायचे. काकांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली फाटकापाशी न्यायच्या. काका रहदारी बघायचे. वर येताना म्हणायचे, "आज तो लाल सायकलवाला दिसला नाही गं." दिवसभरात तेवढंच बोलणं.

माझ्या दाराला मिटायची भारी घाई. खुर्ची आत येईपर्यंत काकू दारात लाकडी स्टूल अडकवायच्या. दार त्यावर आपटायचं, मागं सरायचं, पुन्हा आपटायचं. मी सोसायची. दर तीन महिन्यांनी मिस्त्री यायचा, तो 'चालतेय ना, मग कशाला खर्च' म्हणून सगळ्यांनी कधीच बंद केला होता. एक दिवस चौथ्यावर माझं दार वाकडं झालं आणि मी बसले ती बसलेच.

जिन्यापाशी सगळे जमले.

"मी तळमजल्यावर. लिफ्टचं तोंडही बघत नाही, मी का द्यायचे?" गिरणीवाले म्हणाले.

"मग गच्चीवरची टाकी गळली की आम्ही एकट्यांनीच पैसे भरायचे का? पाणी तुमच्याही नळाला येतं," पाचव्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

"दार चौथ्यावर मोडलंय," सेक्रेटरी कागदाकडे बघत म्हणाले. "स्टूल कुणाचं, ते सांगायला नको."

तिसऱ्यावर कपाट चढवताना याच दाराला अर्धा तास वीट लावली होती. ती कुणाला आठवली नाही.

काकू चष्मा पुसत म्हणाल्या, "चूक माझीच. मी देते. जरा सवड द्या."

सवडीला सात आठवडे लागले. काकूंच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज माझ्यापर्यंत यायचा, पहाटेपासून. काकांच्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. सहाव्या आठवड्यात काका गेले. चौघांनी त्यांना जिन्यानं उतरवलं. वळणावर कुणीतरी म्हणालं, "हळू, डोकं सांभाळा." मी शेजारीच उभी होते, दिवा विझलेली.

मग मिस्त्री आला. काम संपवता संपवता त्यानं विचारलं, "स्टूल कशाला लावायचात, काकू? दार जास्त वेळ उघडं हवं, तर सांगायचं मला. दोन मिनिटांचं काम, पैसेही घेत नाही आम्ही त्याचे." आणि त्यानं तेवढं करूनही टाकलं.

काकू त्याच स्टुलावर बसून राहिल्या.

तुमच्याकडची लिफ्ट अडली तर कुणी किती द्यायचे, ते खुशाल भांडून ठरवा. फक्त आधी एकदा वर जाऊन बघा, तिच्यावाचून कोण अडकलंय.

परवा संध्याकाळी काकू आल्या. सवयीनं स्टूल दारात ठेवलं आणि खुर्ची ओढायला मागं वळल्या. हात हवेतच राहिला.

माझं दार आता सावकाश मिटतं. काकू, घाई नाही. मी थांबलेय.