शिंकेने सरकलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे. मोडलेल्या हातापायांचे फोटो काढणारे नव्हे हं. माझा वाकडा हात खाटेभोवती फिरतो आणि आतले हृदय पडद्यावर हलताना दाखवतो. डॉक्टर मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात, ठोक्यांना उगाच पळवणारी जागा शोधतात आणि तारेच्या टोकाने ती डागतात. छाती न उघडता हे सारे चालते, म्हणून त्यांना माझे डोळे लागायचे.

माझ्या किरणांपासून जपायला सगळे जड शिशाचे अंगरखे घालत आणि कुरकुरत. मग हृदयाचा रंगीत नकाशा काढणारे नवे यंत्र आले. त्याला किरण नाहीत, तोरा मात्र भरपूर. मला भिंतीकडे सरकवले गेले. नव्याचे नऊ दिवस, असे मी मनाला समजावले, पण ते नऊ दिवस काही सरेनात. तंत्रज्ञ ताई तेवढ्या मला पुसून, चालू करून बघत.

एकदा बस चालवणाऱ्या एक बाई आल्या. गाडी चालवतानाच छाती धडधडून डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून त्यांची गाडी बंद झाली होती. त्यांना पूर्ण भूल दिलेली नव्हती. त्यांची डागायची जागा अगदी नाजूक होती. जिथून प्रत्येक ठोका खाली उतरतो, त्या नाक्याच्या शेजारचीच. नाका भाजला असता तर बाईंना जन्मभर ठोके देणारे यंत्र छातीत बाळगावे लागले असते. म्हणून नाक्यावर खुणेची एक तार ठेवली होती.

नकाशा तयार झाला आणि बाईंना सणसणीत शिंक आली. त्या खाटेवर जराशा सरकल्या.

"माफ करा हं. केवढा गारठा आहे इथे," त्या म्हणाल्या.

नव्या पडद्यावर सगळे जागच्या जागी दिसत होते. माणूस सरकला तरी नकाशा जुनाच राहतो, हे त्या रंगांना कुठले कळायला? डॉक्टरबाईंनी डागायच्या पेडलवर ठेवलेला पाय मागे घेतला.

"ताई, अंगरखे घाला. एकदा आपल्या म्हाताऱ्याला विचारून घेऊ."

मला पुढे ओढले. माझ्या पडद्यावर डागणारे टोक खुणेच्या तारेला जवळजवळ टेकलेले होते. डॉक्टरबाईंनी डागणारी तार हळूच मागे घेतली, नकाशा नव्याने काढला आणि मगच डागले. नंतर मुद्दाम ठोके पळवून पाहिले, ते पळेनात.

"झालं का हो?" बाईंनी विचारले.

"झालं. आता शिंका हव्या तेवढ्या."

"आणि माझी गाडी?"

"थोडे दिवस आराम करा, मग तपासते. मला तरी वाटतं, चालवाल."

बाईंचे डोळे भरून आले. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, नव्याचे कौतुक जरूर करा. आम्हा जुन्यांना हार-तुरे नकोत. फक्त हाक माराल तेव्हा ओ देता येईल, एवढे आम्हाला जपा. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच्याच ठोक्यांवर चालत घरी गेल्या.