भिंतीवरची तिफण आणि गंगव्वाचा जोंधळा

मित्रांनो, मी पेरणीची एक जुनी तिफण आहे आणि शहरात, इंदिरानगरातल्या एका हॉटेलच्या भिंतीवर टांगलेली आहे. इथे काय पेरायचे, हे मला कोणी सांगितलेले नाही.

विजापूरकडच्या एका गावात सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. आप्पाजी बैल हाकायचे. त्यांची बायको गंगव्वा माझ्या चाड्यात, म्हणजे लाकडी वाटीत, मुठीने जोंधळा सोडायची आणि तीन नळ्यांतून बी ओलीत उतरायचे. तिची मूठ एकसारखी पडते म्हणून गाव कौतुक करी. पुढे आप्पाजी वारले, बैल विकले, भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि शिवारात जोंधळ्याऐवजी हरभरा दिसू लागला. मला वाटले, मला बाजूला ठेवले म्हणूनच जोंधळा गेला.

मग त्यांचा मुलगा महांतेश मला इकडे आपल्या हॉटेलात घेऊन आला. त्याने माझ्या चाड्यात प्लास्टिकची फुले खोचली. इथे लोक जोंधळ्याची भाकरी मागून खातात, तिचे फोटो काढतात. मग गावात जोंधळा कोणी का पेरत नाही? माझे डोके चालेना. तिफणीला डोके असते का, हेही मला ठाऊक नाही.

पेरणी तोंडावर आली तेव्हा गंगव्वा इथे आली. तिच्या पिशवीत सासूच्या वेळेपासून जपलेले जोंधळ्याचे बी होते. ते आणखी एक वर्ष तसेच राहिले, तर उगवेल याचा भरवसा नव्हता.

"अव्वा, पेर की," महांतेश म्हणाला. "सगळा जोंधळा मीच घेतो. भावाची काळजी नको."

"भावाचं कोण बोललं? ओल आहे, बी आहे. पण एकटीनंच पेरलं, की साऱ्या गावची पाखरं माझ्याच रानात. मागच्या खेपेला कणसं पाखरांनी खाल्ली, नुसती धाटं घरी आली."

मी पुरती चक्रावले. म्हणजे पीक येण्यासाठी माती आणि पाण्याबरोबर शेजारीही लागतो?

गंगव्वाने शेजारच्या परसूला फोन लावला. "तू पण जोंधळा पेर. निम्मं बी मी देते. पाखरं दोघं मिळून राखू."

"सरी, अक्का," पलीकडून परसूचा होकार आला. "बांधाकडची पट्टी पेरतो."

तिने फुले बाजूला काढली, निम्मे बी वेगळे करायला माझ्या चाड्यात ओतले, मग ते काढून दोन्ही वाट्यांच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. पेरणी ट्रॅक्टरच करणार आहे. मला कोणी चल म्हटले नाही. हसावे की रडावे, मला कळत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. पण घरचे बी जपा आणि त्यातले निम्मे शेजाऱ्याला द्या. माझ्या चाड्याच्या तळाशी अजून दोन-चार दाणे अडकलेले आहेत. फुले परत खोचण्याआधी ते कोणीतरी काढून घ्या.