पडद्यावरच्या आजी

"आता या आजींची सर्कस बघा," वक्ते म्हणाले आणि अख्खं सभागृह खो खो हसलं.

खिडकीबाईंनी मान वर केली. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायच्या म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. 'रस्ते माणसांसाठी' या व्याख्यानाच्या खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून साहेबांनी डेपोतली माणसं पिटाळली होती. बाई आल्या, बसल्या, पेंगल्या. आणि आता पडद्यावरच्या फोटोत त्यांची आई होती.

गुडघाभर उंच फुटपाथ, त्यावर आडवी लावलेली कुणाची तरी गाडी. आई बॉनेटला दोन्ही हातांनी धरून एक पाय खाली सोडतेय, डब्याची निळी पिशवी दातांत. तीच पिशवी या क्षणी बाईंच्या मांडीवर होती. आई रोज डेपोत डबा आणून द्यायची. विचारलं की म्हणायची, "त्रास कसला गं? मजेत आले."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवी घेऊन त्या उठल्या.

"ती माझी आई आहे. हसायला काय झालं?"

हशा विरला. शेजारचे ड्रायव्हरमामा कुजबुजले, "बसा हो ताई, साहेब बघतायत."

"बघू देत." बाई थेट व्यासपीठापाशी गेल्या. "तिथंच पडली ती नंतर. खुबा मोडला, अंथरुणातच गेली. फोटो काढायला हात होते ना तुम्हाला? मग त्यातला एक तिला का नाही दिलात?"

वक्ते ओशाळले. पण क्षणभरच. "ताई, फार वाईट वाटलं. पण हे इतकं बोलकं आहे... पुढच्या व्याख्यानात सांगितलं तर चालेल? लोक हलून जातील."

आई मेली, आणि या गृहस्थांना मुद्दा सापडला.

"पुसून टाका तो फोटो," बाई म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

"अहो, पण विषय..."

"पुसा म्हणते ना."

त्यांनी पुसला. आईच्या जागी कुठल्याशा गावचा रुंद, मोकळा रस्ता आला. टाळ्या वाजायच्या आत बाई बाहेर पडल्या.

बाहेर फुटपाथवर पाहुण्यांच्या गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. पुढं जायला फट नव्हती. बाईंचे गुडघे आता आईसारखेच कुरकुरत. त्यांनी एका बॉनेटला दोन्ही हातांनी धरलं. कुणी बघत नाही ना, हे पाहिलं, आणि पिशवी दातांत धरून एक पाय रस्त्यावर सोडला.