कलीग म्हणजे कोण

मी पहिल्यापासून फटकळ. लाजबिज माझ्या वाटेला फारशी कधी आली नव्हती. परवा आली आणि अजून मुक्काम हलवत नाही.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात मी आणि माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, अकरा वर्षं चादरींच्या घड्या घालतोय. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटकायची, ताणायची, मग चालत जाऊन आपली टोकं समोरचीच्या हातात द्यायची. एका पाळीत चारशे चादरी होतात. कधी ताणायचं, कधी सोडायचं, हे आता बोलावंही लागत नाही.

मागच्या महिन्यात सुपरवायझरची जागा निघाली. वहिनी म्हणाली, तुझं तोंड चालतं, अर्ज तूच कर. अर्ज इंग्रजीत होता. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून क्लार्क म्हणाला, इथे एका कलीगचं नाव लिहा, आम्ही त्यांना तुमच्याबद्दल विचारू. शब्द मला ठाऊक नव्हता, पण विचारलं तर अडाणी ठरेन. एवढा झुळझुळीत शब्द म्हणजे कोणी बडी असामीच असणार, असं मी ठरवून टाकलं.

"माझं नाव चालेल का गं?" वहिनीनं विचारलं.

मी हसले. "वहिनी, तिथे वजनदार माणूस लागतं."

आणि स्टोअरच्या साहेबांचं नाव ठोकून दिलं. त्यांनी मला वर्षातून दोनदा पाहिलं असेल, तेही साबणाची पोती उचलताना.

हॉस्पिटलनं कामगारांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढलाय. परवा बाईंनी फळ्यावर नेमका तोच शब्द लिहिला. कलीग म्हणजे आपल्याबरोबरीनं काम करणारा माणूस, त्या म्हणाल्या. मग एकेकाला वाक्य करायला लावलं. माझी कानशिलं तापली, कारण वहिनी शेजारीच बसली होती. तिची पाळी आली. ती उठली, पदर सारखा केला आणि अडखळत म्हणाली, "माय कलीग इज माय नणंद."

सगळे हसले, बाईसुद्धा. मला मात्र धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

वर्ग सुटल्यावर क्लार्कनं हाक मारली. साहेबांनी कळवलं होतं की ही बाई कोण, मी ओळखत नाही. उद्यापर्यंत दुसरं नाव द्या, नाहीतर अर्ज बाद.

घड्यांच्या टेबलाशी मी चादरीची माझी दोन टोकं उचलली. मान खाली घालूनच म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव लिहू का? मला खरंच तो शब्द माहीत नव्हता."

"लिही की," ती म्हणाली. "शब्द मलाही माहीत नव्हता. पण अर्ज माझा असता ना, तर तिथे काय विचारलंय ते न बघता मी तुझं नाव लिहिलं असतं."